नाव, आडनाव आणि शिक्के : माणसाची ओळख घडते तरी कशी?

ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात एक मोठं बारसं झालं. मुली होत्या २८५, आणि त्यातल्या कित्येकजणी पाळण्यातून केव्हाच उतरून शाळेत जाऊ लागलेल्या. तोवर सगळ्यांचं नाव जवळपास एकच होतं : नकुसा, नकुशी किंवा नकोशी. दोन-तीन मुलींच्या पाठीवर आणखी एक मुलगी झाली की तिला हे नाव ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेने या मुली शोधून काढल्या आणि प्रत्येकीला नव्या नावाचं प्रमाणपत्र दिलं. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. बातमी परदेशातल्या वर्तमानपत्रांपर्यंत गेली.

अशी बातमी निघाली की पारावर दोन सूर हमखास लागतात. एक म्हणतो, ‘नाव बदलून काय हुतंय? घरात वागवायची तशीच वागवणार.’ दुसरा म्हणतो, ‘नावच असलं ठेवल्यावर पोरीनं मान वर कशी करायची?’ दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. माणसाला दिलेलं नाव किंवा शिक्का त्याच्या आत शिरतो, हे खरं. पण तो शिरतो कसा, याची यंत्रणा समजून घेतली की हे दोन सूर एकमेकांच्या विरोधात राहत नाहीत. समाजशास्त्र आणि मानसशास्त्राने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या यंत्रणेवर बरंच काम केलंय.

पहिल्यांदा एक गैरसमज काढून टाकू. नावाचा अर्थ वाईट असला की माणसाचं वाईट होतं, असं काही नाही. आपल्याकडे दगडू, धोंडू, केरबा ही नावं पिढ्यान् पिढ्या ठेवली गेली. आधीची मुलं दगावलेली असायची. हा तरी वाचावा, कुणाची नजर लागू नये, म्हणून मुद्दाम टाकाऊ वाटेल असं नाव. पण घरात दगडूचे लाड बघावेत! तूप त्याच्याच ताटात आधी, ताप आला तर आजी रात्रभर उशाशी. असे दगडू आणि धोंडू पुढे सरपंच झाले, पैलवान झाले, सोसायटीचे चेअरमन झाले. नावाने त्यांच्या आड काही आलं नाही. नकुशीचं उलटं. तिच्या नावामागोमाग जे वागणं येतं ते त्या नावाशी जुळणारं असतं. दूध भावाला आधी, दप्तर भावाला नवं, आणि पाहुण्यांपुढे नाव सांगायची वेळ आली की आईची नजर खाली. दोन्ही नावं शब्दार्थाने सारखीच नकोशी. फरक आहे तो नावामागून येणाऱ्या वागण्यात, आणि या लेखाचा सगळा भर तिथेच आहे.

चार्ल्स हॉर्टन कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये याला ‘आरशातला मी’ अशा अर्थाचं नाव दिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : मी स्वतःला कोण समजतो हे तीन पायऱ्यांनी ठरतं. समोरच्याला मी कसा दिसत असेन, याची मी कल्पना करतो. त्यावरून तो माझ्याबद्दल काय मत बनवत असेल, याची कल्पना करतो. आणि त्या मताने मला जो अभिमान किंवा जी शरम वाटते, तोच माझा ‘मी’ होत जातो. यात एक गोम आहे. तिन्ही पायऱ्या माझ्याच डोक्यात घडतात. समोरच्याने तोंडाने काही म्हणावंच लागत नाही. मास्तरांनी पहिल्या बाकाकडे बघून ‘विचार कर, येईल तुला’ म्हटलं आणि शेवटच्या बाकाकडे बघून नुसतं ‘बस खाली’ म्हटलं, तर दोन्ही पोरांना आपापली जागा कळते. आपल्याकडे कित्येक शाळांत मार्कांवरून अ, ब, क, ड अशा तुकड्या पाडायचे. ‘ड’ तुकडीतल्या पोराला ‘ढ’ म्हणायची वेगळी गरजच उरायची नाही.

शिक्षकांच्या अपेक्षेवर १९६८ मध्ये अमेरिकेत रोझेंथाल आणि जेकबसन यांनी एक गाजलेला प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली आणि शिक्षकांना सांगितलं की ही यंदा चमकणार. वर्षअखेरीस खालच्या इयत्तांतली ती मुलं खरंच जास्त पुढे गेलेली दिसली. या प्रयोगावर पुढे सडकून टीका झाली आणि नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम बराच लहान निघाला. त्यामुळे ‘मुलाला हुशार म्हणत राहा, तो हुशार होईल’ असं व्हॉट्सअॅपवर फिरतं ते फारसं मनावर घेऊ नका. मला त्याहून कितीतरी महत्त्वाचा वाटतो तो आपल्याच देशात झालेला एक प्रयोग, आणि त्याची मराठीत फारच कमी चर्चा झाली आहे.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थतज्ज्ञ. त्यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतली सहावी-सातवीची मुलं घेतली, ३२१ तथाकथित वरच्या जातींची आणि ३२१ दलित. मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली, वाट काढत काढत मधून बाहेर यायचं. जितकी कोडी सुटतील तितके पैसे. सहा-सहा मुलांचे गट. काही गटांत कुणाची जात कुणालाच सांगितली नाही. तिथे दोन्हीकडच्या मुलांनी सारखीच कोडी सोडवली, फरक म्हणावा असा काही नाही. दुसऱ्या काही गटांत खेळ सुरू होण्याआधी प्रयोग घेणाऱ्याने प्रत्येक मुलाकडे वळून सगळ्यांदेखत त्याचं नाव, गाव, बापाचं नाव, आजोबांचं नाव आणि जात वाचून दाखवली. एवढंच. अपमान नाही, टोमणा नाही. हजेरी घ्यावी तसं. आणि दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या ठळकपणे घसरली. वरच्या जातींची मुलं काही जास्त चांगलं करू लागली नव्हती. जी दरी पडली ती एका बाजूच्या घसरणीने पडली.

आता इथे थांबून विचार करा, कारण खरा शोध पुढे आहे. मुलांची अक्कल पाच मिनिटांत कमी होत नाही. मग घसरलं काय? हे तपासायला त्यांनी बक्षिसाची पद्धत बदलली. पैसे कुणाला मिळणार, यात सोडतीचा, म्हणजे नुसत्या नशिबाचा भाग आणला. ही पद्धत आली आणि जात जाहीर करूनही दरी नाहीशी झाली! संशोधकांनी त्यातून असा अर्थ काढला : जात उच्चारली गेली की त्या मुलाच्या मनात ‘आता हा माणूस माझ्याशी नीट वागणार नाही, मी कितीही केलं तरी मोल होणार नाही’ असा हिशेब सुरू होतो. तो हिशेब मुलाने हवेतून काढलेला नसतो. गावात, शाळेत, पाणवठ्यावर त्याने ते अनुभवलेलं असतं. निवाडा माणसाच्या हातात नसून चिठ्ठीच्या हातात आहे असं कळलं की तो हिशेब थांबतो आणि पोरगं पुन्हा मन लावून कोडी सोडवतं. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. शिक्का मनात बसतो म्हणतात, त्याचा मला कळलेला सगळ्यात स्पष्ट अर्थ हा आहे. शिक्क्यासोबत समोरच्याच्या वागण्याचा एक अंदाज येतो आणि आपण त्या अंदाजाप्रमाणे स्वतःला आवरून घेतो.

आणि तो अंदाज चुकीचा असतो का? सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खऱ्या नोकरीच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण तेच, पात्रता तीच, फक्त अर्जावरचं नाव-आडनाव वेगळं. खासगी कंपन्यांकडून पुढच्या फेरीसाठी बोलावणं येण्याचं गुणोत्तर सवर्ण वाटणाऱ्या नावाच्या तुलनेत दलित वाटणाऱ्या नावाला ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ इतकं निघालं. २००७ मध्ये हे छापून आलं. म्हणजे कोड्यांपुढे बसलेल्या त्या पोरांनी मनात धरलेला हिशेब काही अगदीच भ्रम नव्हता.

‘कुठले पाटील म्हणायचे?’

सांगली-साताऱ्याकडे ओळख करून घेण्याची एक ठरलेली रीत आहे. पोरगं दिसलं की ‘कुणाचा रं तू?’ आणि मोठा माणूस भेटला की आधी आडनाव. आता सांगली जिल्ह्यात ‘पाटील’ म्हणून कुणी आडनाव सांगितलं तर विचारणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. मराठा पाटील, जैन पाटील, लिंगायत पाटील, धनगर पाटील, मुसलमान पाटील, सगळे आहेत. मूळचं ते पद होतं, ज्याच्याकडे गावची पाटीलकी त्याचं ते आडनाव झालं. त्यामुळे लगेच पुढचा प्रश्न : ‘कुठले पाटील म्हणायचे?’ मग गाव, मग ‘तुमचे पाव्हणे कुठं कुठं?’, मग मामाचं आडनाव. चार प्रश्नांत समोरच्याची जात, भावकी आणि साधारण किती एकर असेल इथपर्यंत अंदाज बांधून होतो. विचारणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असं नाही. बहुतेकदा आपुलकीच असते. पण ज्याला पुढच्या प्रश्नाची धास्ती आहे, त्याला त्या आपुलकीची किंमत मोजावी लागते. तो गाव सांगताना तालुक्याचं नाव सांगतो, आडनाव विचारलं की नुसतं पहिलं नाव सांगून हसतो. भाड्याची खोली शोधताना हा प्रकार जास्त चालतो.

साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला एका मुलाची नोंद आहे : भिवा रामजी आंबेडकर. वडील रामजी सकपाळ. सकपाळ हे घराण्याचं आडनाव मागे राहिलं आणि आंबडवे या मूळ गावाकडे नेणारं आडनाव कागदावर आलं. आडनाव बदलल्याने वर्गातली बसण्याची जागा बदलली नाही; अस्पृश्य म्हणून ती वेगळीच राहिली. पुढे त्या माणसाने जे केलं त्याने मात्र आडनावाचाच अर्थ बदलून टाकला. आज ते आडनाव ऐकताना कुणाच्या डोळ्यांपुढे गाव येत नाही. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

कुणी म्हणेल, जात-धर्म हे हजारो वर्षांचं ओझं, त्याचा परिणाम होणारच. पण काहीही इतिहास नसलेला शिक्कासुद्धा काम करतो. हेन्री ताज्फेल या मानसशास्त्रज्ञाने ब्रिस्टलमध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांचे दोन गट केले. त्यांना सांगितलं की दोन चित्रकारांपैकी कुणाची चित्रं आवडली त्यावरून हे गट पडलेत. खरं तर वाटणी अशीच, कशीही केलेली. मुलं एकाच शाळेतली, एकमेकांना ओळखणारी; पण आपल्या गटात कोण आणि दुसऱ्या गटात कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. तरी पैसे वाटायला सांगितल्यावर मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. इतकंच काय, आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल पण दुसऱ्यापेक्षा जास्त मिळालं पाहिजे, असाही कल दिसला. हे १९७० साली प्रसिद्ध झालं. गाडीच्या मागे ‘एमएच ११’ नाहीतर ‘एमएच १०’ असं झोकात लिहिणाऱ्यांना याचं नवल वाटणार नाही. परिवहन खात्याने हिशेबासाठी दिलेला आकडा, पण पुण्याच्या सिग्नलवर आपला आकडा दिसला की माणूस काच खाली करून ‘कुठलं गाव?’ विचारतोच.

शिक्का खरा कसा होतो

इयन हॅकिंग या कॅनडाच्या तत्त्वज्ञाने एक साधा भेद दाखवून दिला. अजिंक्यताऱ्याच्या कातळाला शास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात. कातळाला त्याचं सोयरसुतक नाही. माणसाला मात्र त्याला काय म्हटलं जातंय ते ऐकू येतं. तो त्यावरून वागणं बदलतो, मग त्याच्यासारख्या माणसांबद्दलचं ज्ञान बदलतं, मग शिक्क्याचा अर्थ बदलतो, आणि हे चक्र चालूच राहतं.

याची दोन टोकं आपल्याच भागात सापडतात. सातारा तालुक्यातल्या आपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागतं. पहिल्या महायुद्धात या गावचे ४६ जण कामी आले, इंग्रज सरकारने गावात स्मारक उभारलं, आणि फौजेत माणूस नाही असं घर इथे शोधावं लागतं. अशा गावात वाढणाऱ्या पोराला मोठेपणी काय व्हायचं ते फारसं कुणी विचारत नाही. भरती कधी आहे ते विचारतात. पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारे थोरले दिसतात, सुट्टीवर आलेल्या काकांच्या ट्रंकेवर रंगवलेलं नाव दिसतं. पोरगं पळायला लागतं. त्यातली काही भरती होतात आणि गावाच्या नावातला तो शब्द आणखी खरा होतो. इंग्रजांनी काही जाती-जमातींवर ‘लढाऊ’ असा शिक्का मारला तेव्हा त्यामागे त्यांच्या भरतीचा हिशेब होता. पण तो शिक्का ज्यांनी अंगी बाणवला त्यांचं शौर्य खोटं ठरत नाही. मला वाटतं, शिक्क्यांबद्दल बोलताना ही गोष्ट नेहमी निसटते : शिक्का बाहेरून आलेला असतो, आणि तरी त्यातून घडलेलं आयुष्य अस्सल असतं.

दुसरं टोक. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, आणि १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखाही त्याखाली आला. हजेरी लावायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही, कुठे चोरी झाली की पहिली धाड यांच्या पालावर. ज्याला रोज हजेरी आहे तो दुसऱ्या गावी कामाला जाणार कसा? ज्याच्या जमातीचं नाव सरकारी यादीत आहे त्याला राखणीला, सालाने ठेवणार कोण? पोट भरायची वाट बंद झाली की उरलेल्या वाटांपैकी एक चोरीची. मग चोरी सापडली की ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये हजेरीची ही पद्धत बंद केली. देशभरातला कायदा जायला मात्र १९५२ उजाडलं. त्यानंतर या समाजांना ‘विमुक्त’ म्हणू लागले. पण पोलीस ठाण्यातली नजर आणि गावातली कुजबुज काही राजपत्रातल्या तारखेने थांबत नाही.

शिक्का नेहमी दारं बंदच करतो असंही नाही. वाचताना-लिहिताना सतत अडखळणाऱ्या मुलाला वर्षानुवर्षं ‘आळशी’, ‘मठ्ठ’ ऐकावं लागतं. तपासणीत डिस्लेक्सिया निघालं की आईबापांना आधी धक्का बसतो, मग हायसं वाटतं. पोरगं मुद्दाम करत नव्हतं तर! त्या कागदावर दहावीला जादा वेळ मिळतो, शिकवण्याची पद्धत बदलता येते. तोच कागद उद्या ‘याला जमणारच नाही’ म्हणायला वापरला, तर तोच शिक्का ओझं होतो. कागद एकच असतो. घरचे आणि शाळा त्याचं काय करतात, त्यावर सगळं आहे.

आपण स्वतःला कसं मांडतो

आतापर्यंत बोललो ते इतरांनी दिलेल्या नावांबद्दल. पण आपणही काही गप्प बसलेले नसतो. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने शेटलंड बेटांवरच्या एका हॉटेलात बसून निरीक्षण केलं. स्वयंपाकघरात ओरडाआरडा करणारे, भांडी आदळणारे, बेटावरच्या बोलीत शिव्या देणारे कामगार मधलं दार ढकलून जेवणघरात आले की चेहरा, चाल, बोली सगळं बदलायचं. त्यावरून त्याने १९५९ च्या आपल्या पुस्तकात मांडलं की रोजचं जगणंही रंगमंचासारखं चालतं : एक दर्शनी भाग आणि एक विंगेतला. सांगलीसारख्या नाट्यपंढरीत हे वेगळं समजावून सांगायला नको. इथल्याच नागठाण्याचे नारायण श्रीपाद राजहंस. ‘बालगंधर्व’ ही पदवी त्यांना अशी चिकटली की राजहंस हे आडनाव आज प्रश्नमंजूषेपुरतं उरलंय. स्त्रीभूमिकेत ते शालू कसा नेसतात, गजरा कसा माळतात हे बघून घरंदाज बायका तसं करू लागल्या. पुरुषाने रंगवलेलं स्त्रीपण बघून स्त्रियांनी स्वतःला मांडायची रीत बदलली. सोंग आणि खरं यांच्यात आपण समजतो तेवढी पक्की भिंत नसते.

याचं आजचं रूप बघायचं तर चौकातल्या फ्लेक्सकडे बघा. पांढरा शर्ट, काळा गॉगल, एक हात फोनवर, आणि खाली ‘भावी नगरसेवक’. कडेने शुभेच्छुकांचे वीस-पंचवीस पासपोर्ट फोटो. फ्लेक्सची टिंगल करणं सोपं आहे आणि मीही करतो. पण पुढे काय होतं ते बघण्यासारखं असतं. चोवीस वर्षांच्या पोराच्या नावापुढे गल्लीने एकदा ‘दादा’ लावलं की त्या नावाची उधारी सुरू होते. टपरीवरच्या चहाचे पैसे दादाने द्यायचे. गल्लीत कुणाची मयत झाली की दादा सगळ्यात आधी हजर पाहिजे. रात्री दोन वाजता कुणाची गाडी हायवेला धडकली की फोन दादाला, मिरजेच्या दवाखान्यात ओळख काढायची दादाने. काहीजण यात थकतात, दोन निवडणुकांनंतर फ्लेक्सवरचा फोटो छोटा होत होत शुभेच्छुकांच्या रांगेत जातो. काहीजण मात्र हे सगळं करत करत खरोखरच लोकांच्या कामाचा माणूस होतात. आधी सोंग घेतलं, मग लोकांनी ते खरं धरलं, मग ते निभवावं लागलं, आणि निभवता निभवता अंगवळणी पडलं. ओळख घडण्याची ही उलटी दिशा आहे, आतून बाहेर येण्याऐवजी बाहेरून आत जाणारी. आमच्याकडे नेत्यांना दादा, आबा, अण्णा, भाऊ अशीच नावं पडतात. नात्याचं नाव घेतलं की नात्याचं काम अंगावर येणारच.

आता लग्नाचा बायोडाटा घ्या. तासगावकडच्या द्राक्षबागायतदाराचा पोरगा. खरड छाटणीपासून निर्यातीच्या पेटीपर्यंत त्याला सगळं कळतं. हवामानाचा अंदाज बघून रात्री फवारणी काढायची की थांबायचं, हा लाखोंचा निर्णय तो एकटा घेतो. पण बायोडाट्यात ‘व्यवसाय’ हा रकाना आला की घरात बैठक बसते. ‘शेती’ लिहिलं तर मुलीकडचे फोनच करत नाहीत. मग ‘प्रगतशील बागायतदार’, ‘कृषी उद्योजक’, किंवा चुलतभावाच्या दुकानातली भागीदारी पुढे आणून ‘बिझनेस’. इथवर ती नुसती मांडणी आहे, चालायचंच. खरं नुकसान पुढे होतं. पाच-सहा ठिकाणांहून नकार आला की पाहुण्यांनी ‘काय करता?’ विचारल्यावर पोरगा म्हणतो, ‘काय नाय, शेतीच बघतो.’ कूलीची तिसरी पायरी ती हीच.

व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्रामने गॉफमनच्या विंगेची मात्र पंचाईत केलीय. पूर्वी कॉलेजच्या कट्ट्यावरचा मी, मामाच्या गावचा मी आणि कामावरचा मी वेगवेगळ्या जागी सुखाने राहायचे. आता एका स्टेटसला मामा, साहेब आणि जुनी मैत्रीण एकाच वेळी प्रेक्षक. म्हणून तर कोणाला काय दिसू नये याच्या याद्या लोक इतक्या निगुतीने करतात. त्यात ढोंग आहे असं मला वाटत नाही. वेगवेगळ्या माणसांपुढे वेगवेगळं असणं ही माणसाची जुनी गरज आहे.

नावाच्या इंग्रजी स्पेलिंगात एक ‘ए’ जास्त घातला की धंदा चालतो, असं सांगून पैसे घेणारे लोक याच गोष्टी आपल्या सोयीने वापरतात. त्यांच्या दाव्याला काही आधार नाही. वर सांगितलेल्या प्रयोगांमध्येही सगळे सारखे भक्कम नाहीत. विशेषतः परीक्षेआधी नुसती लिंग किंवा वंशाची आठवण करून दिली की गुण बदलतात, अशा अर्थाचे काही गाजलेले पाश्चात्त्य प्रयोग पुन्हा करून बघितल्यावर कधी टिकले, कधी नाही. अक्षरांत शक्ती नसते. नाव ऐकून समोरचा काय करतो आणि आपण त्यावर काय करतो, एवढ्याच साखळीत काय ती शक्ती आहे.

मग ती साखळी तुटते कुठे? सांगलीत १९९६ मध्ये देहविक्री करणाऱ्या स्त्रियांनी संघटना उभी केली आणि तिचं नाव ठेवलं वेश्या अन्याय मुक्ती परिषद. शिवी म्हणून फेकला जाणारा शब्द त्यांनी स्वतः लेटरपॅडवर छापला. त्याने शब्दाची धार गेली असं नाही. पण पोलिसांपुढे, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत जो शब्द ऐकून एकेकटी बाई मान खाली घालायची, तोच शब्द घेऊन दहाजणी मिळून गेल्या की समोरच्याला वागणं बदलावं लागतं. नुसता शब्द बदलण्यापेक्षा हे अवघड आहे आणि जास्त टिकाऊही, असं माझं मत.

उलट लग्नात बाईचं नाव बदलायची आपली रीत. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहायचं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी त्या नावाने हाक मारायची. माहेरी ती अजून संगीताच, सासरी सायली. नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. तरी दहावीचं प्रमाणपत्र एका नावाचं, आधार दुसऱ्या नावाचं, सातबाऱ्यावर तिसरंच काहीतरी, अशा तिढ्यात कित्येकींचा वारसाहक्क अडकतो. ज्यांनी नाव बदललंय त्यांनी राज्य शासनाच्या राजपत्रात तशी नोंद करून घ्यावी आणि एकेक कागद तिच्याशी जुळवावा. काम कंटाळवाणं आहे, पण बँकेच्या काउंटरवर मीच ती आहे हे पटवून देण्यापेक्षा बरं.

राज्य सरकारने २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही लागेल : आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. शाळेच्या हजेरीपटात, परीक्षेच्या फॉर्मवर, जन्माच्या दाखल्यावर. ही मुलं शाळेत येतील तेव्हा हजेरी घेणाऱ्या बाईंना प्रत्येक पोरामागे एक नाव जास्त वाचावं लागेल, आणि आजवर फक्त ‘अमक्याची आई’ असलेल्या बाईचं नाव वर्गभर ऐकू जाईल. आडनावाचा रकाना मात्र होता तिथेच शेवटी आहे, त्यामुळे कुठले पाटील, हा प्रश्न काही चुकणार नाही.